रिमोट कुणाकडे असतो?

एखाद्या शाळेत कोणती यंत्रं आहेत यापेक्षा त्यांचा रिमोट कुठे असतो, हे आधी विचारावं. बहुतेक ठिकाणी तो मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो, कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात असते आणि ते बैठकीसाठी तालुक्याला गेलेले असतात. अशा शाळेत भिंतीवरच्या महागड्या पॅनेलचा उपयोग हळूहळू वेळापत्रक चिकटवण्यापुरता उरतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत वर्गातली पॅनेल, कॅमेरे आणि इंटरनेट यांचा एकत्र आराखडा करायला आलेल्या एका इंजिनिअर बाईंबरोबर मी फिरत होतो. शाळेत सगळे त्यांना मॅडम म्हणत. मोजमापं घेण्याआधी मॅडम आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि ओळीने तास ऐकत राहिल्या. गणिताचे सर संपले की मराठीच्या बाई, मग विज्ञानाचे सर. वहीत त्या लिहीत होत्या ते सगळं शिक्षकांच्या हातांविषयी होतं: एका हातात पुस्तक, दुसऱ्यात खडू, हजेरीपट काखेत. ‘या माणसाला यंत्र चालू करायला तिसरा हात नाही,’ त्या मला म्हणाल्या. तास ३५ मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं केबल शोधण्यात आणि इनपुट बदलण्यात गेली, की सर पुढच्या वेळी फळ्याकडेच वळतात. त्यांना तंत्रज्ञान आवडत नाही असं शेरा मारणारे म्हणतात, पण सरांचा हिशोब चोख असतो.

म्हणून आराखड्यात पहिली गोष्ट आली ती फळ्याशेजारी दिव्याच्या बटणांच्या उंचीवर बसवायची एक छोटी पट्टी. तिच्यावर मराठीत ठळक अक्षरांत तीन बटणं: पॅनेल, मोबाइल, बंद. शेजारी आवाजाची गोल खुंटी. खुंटीसाठी मॅडम अडून बसल्या होत्या, कारण आवाज कमी करायला मेनूत शिरावं लागलं की चाळीस मुलांचा वर्ग हातचा जातो. ‘मोबाइल’ला स्वतंत्र बटण देण्यामागेही निरीक्षणच होतं. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात. ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत राबवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पण तो कोड शिक्षक स्कॅन करतात स्वतःच्या मोबाइलवर. मोबाइलवरचं चित्र एका दाबात पॅनेलवर आलं नाही, तर ते चार इंची पडद्याभोवती मुलांना गोळा करतात. हे दृश्य आम्ही त्याच दिवशी पाहिलं.

पॅनेल केवढं घ्यायचं, यावर बराच वाद झाला. पडद्याच्या उंचीच्या साधारण सहा पट अंतरापर्यंत मजकूर सहज वाचता येतो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. ७५ इंची पॅनेलची उंची सुमारे ९३ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच मीटर. शेवटचा बाक साडेसात मीटरवर, म्हणजे ७५ इंचीही तिथे अपुरंच. ६५ इंचीचा आग्रह धरणाऱ्या शाळा समितीच्या सदस्याला मॅडमनी त्या बाकावर बसवलं आणि समोर त्या मापाच्या पुठ्ठ्यावर परिच्छेद चिकटवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि विषय सोडला.

आवाजाचं गणित त्याहून अवघड होतं. एका इमारतीवर पत्रे आहेत, आणि कोकणातला जुलै पत्र्यावर ताशा वाजवतो. तिथे एक मोठा स्पीकर लावला तर पुढची मुलं कान झाकतात आणि मागच्यांना तरीही शब्द कळत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, वर्गाच्या मध्यापर्यंत, चार छोटे स्पीकर ठरले.

सुरक्षेचा भाग शाळेने स्वतःहून मागितला नव्हता. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रीकरण तपासावं असंही सांगितलं. कॅमेरे लावणं सोपं असतं. हे तपासणं कुणाला जमेल, याचा विचार आराखड्यात क्वचित दिसतो. आठ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएसने, तीस दिवस चालले तर सुमारे १० टेराबाइट साठा होतो. एवढ्या ढिगात मुख्याध्यापिकाबाईंनी काय शोधायचं? मॅडमनी त्यांच्यासाठी वेगळं खातं योजलं: फक्त पाहणं आणि मागे नेणं, सेटिंग काहीच नाही. कॅमेऱ्यांची नावं ‘कॅमेरा ४’ अशी नकोत, ‘मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणारा व्हरांडा’ अशी हवीत. आत कॅमेरा अर्थातच नाही, दाराकडे जाणारी वाट मात्र दिसली पाहिजे. रेकॉर्डरचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहील अशी तजवीज केली, कारण घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर ऐन गरजेच्या वेळी पुराव्यावरच वाद सुरू होतो.

शिक्षकखोलीत कॅमेरा हवा, असा आग्रह संस्थेतल्या काहींनी धरला. शिक्षक गप्प बसले. मॅडमनी विचारलं, ‘तिथे मुलं असतात का?’ तो कॅमेरा गेटवर गेला.

नेटवर्क कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याविषयी कुणाचं मतही नव्हतं. कार्यालयातली विद्यार्थ्यांची माहिती, कॅमेरे आणि वर्गातलं वाय-फाय एकाच तारेवरून धावलं तरी तिन्हींची जाळी वेगळी ठेवायची, नाहीतर दहावीतलं एखादं हुशार पोर दुपारच्या सुट्टीत कॅमेऱ्यांपर्यंत पोचेल. कॅमेऱ्यांना वीज त्याच नेटवर्क केबलमधून द्यायची. म्हणजे वीज गेली तरी स्विच आणि रेकॉर्डर असलेल्या एकाच पेटीला इन्व्हर्टर पुरतो. मैदानापलीकडच्या इमारतीपर्यंत तांब्याची केबल ओढायला मॅडमनी साफ नकार दिला. तांब्याच्या केबलला शंभर मीटरची मर्यादा असते हे एक कारण, आणि परतीच्या पावसातल्या विजा हे दुसरं. जवळपास वीज पडली की दोन इमारतींमधल्या तांब्यावरून तिचा दणका दोन्हीकडच्या यंत्रांना बसू शकतो. फायबर काचेचं असतं. त्यातून उजेड जातो, वीज जात नाही.

या सगळ्यात वापरणाऱ्याला सर्वांत उशिरा विचारलं जातं, ही माझी जुनी तक्रार आहे. शाळेच्या खरेदीत पैसे देणारा, बसवणारा आणि वापरणारा या तीन माणसांची एकदाही गाठ पडत नाही. इथे निदान शिपाईमामांना विचारलं गेलं. शाळा उघडतात आणि बंद करतात तेच, आणि जाताना मेन स्विच पाडण्याची त्यांची सवय वीस वर्षांची. कॅमेऱ्यांची पेटी त्या स्विचवर असती तर रोज संध्याकाळी सहाला आंधळी झाली असती. मामांना सवय बदलायला सांगण्याऐवजी पेटीची लाइन मेन स्विचच्या आधीपासून, स्वतंत्र एमसीबीवर घेतली.

अंदाजपत्रक समितीपुढे गेलं तेव्हा कात्री आधी अर्थिंगवर आली. जुन्या खड्ड्यातली पट्टी गंजलेली होती. नवा खड्डा, नवी पट्टी, विजेच्या झटक्यापासून संरक्षण देणारं उपकरण, हा खर्च कुणालाच पटेना. गावातून मुंबईला गेलेल्या एका देणगीदारांनी रक्कम कबूल केली होती आणि त्यांच्या नावाची पाटी कुठे लावायची, यावर चर्चा अडली. पॅनेलखाली पाटी शोभली असती, खड्ड्यावर कोण लावणार? मॅडमनी दोन कॅमेरे यादीतून खोडले आणि अर्थिंगचा खर्च तसाच ठेवला. शेवटी पॅनेल देणगीतून आणि खड्डा शाळेच्या दुरुस्ती खात्यातून, असा ठराव झाला. देणगीदारांनी फोनवर एवढंच विचारलं, की बटणं मराठीत आहेत ना.