ट्रानेक्झॅमिक अम्ल

रक्ताची गुठळी विरघळण्यास अटकाव करणारे संश्लेषित औषध. लायसीन या ॲमिनो अम्लाशी संरचनात्मक साम्य असलेले हे संयुग ऊटाको ओकामोटो व शोसुके ओकामोटो या जपानी वैज्ञानिक दांपत्याने शोधून काढले आणि १९६२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. गुडघ्याच्या कृत्रिम सांधारोपणातील रक्तस्राव कमी करण्यासाठी त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होतो.

सांधारोपणात मांडीच्या व नडगीच्या हाडांची टोके कापावी लागतात. कापलेल्या सच्छिद्र पृष्ठभागातून झिरपणारे रक्त वाहिन्या बांधून थांबविता येत नाही. मांडीभोवती दाबपट्टा आवळला असल्यास शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त थोडेच जाते. बराचसा स्राव पट्टा सोडल्यानंतरच्या काही तासांत होतो व त्याचा काही भाग ऊतकांत साठून दृष्टीआड राहतो.

रक्त साखळताना फायब्रीन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे तयार होते. प्लाझ्मिनोजेन त्या जाळ्यातील लायसीन घटकांना चिकटते व त्याचे प्लाझ्मीन या एंझाइमात रूपांतर होऊन जाळे तुटू लागते. शस्त्रक्रियेतील इजा व दाबपट्टा यांमुळे ही क्रिया वाढते. ट्रानेक्झॅमिक अम्ल प्लाझ्मिनोजेनावरील लायसीन-बंधनाच्या जागा व्यापते. त्यामुळे तयार झालेली गुठळी टिकून राहते. नवी गुठळी मात्र या औषधाने तयार होत नाही.

फिनलंड (१९९५) व स्वीडन (१९९६) येथील चाचण्यांत या औषधामुळे रक्तस्राव व रक्ताधानाची गरज ही दोन्ही घटल्याचे आढळले. सामान्यतः शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे १० ते २० मिग्रॅ. किंवा सरसकट १ ग्रॅ. मात्रा नीलेतून सावकाश देतात. पोटातून किंवा प्रत्यक्ष सांध्यातही ते देता येते. ते मुख्यत्वे वृक्कांवाटे उत्सर्जित होत असल्याने वृक्कविकारात मात्रा कमी करावी लागते. नीलेत वा रोहिणीत नुकतीच गुठळी झालेल्या रुग्णांत विशेष सावधगिरी आवश्यक असते.

गुडघ्याची शस्त्रक्रिया पुष्कळदा कण्यातून बधिरता आणून करतात. त्या वेळी बधिरक म्हणून चुकून हे औषध मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात टोचले गेल्यास तीव्र आचके येऊन मृत्यू ओढवू शकतो. दिसण्यात सारख्या असलेल्या कुप्यांमुळे असे अपघात घडले असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यांबाबत इशारा दिला. यासाठी या औषधाच्या कुप्या बधिरकांपासून वेगळ्या ठेवणे व टोचण्यापूर्वी कुपीवरील नाव वाचून खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे.