सिंदी म्हणजे कोणती सिंदी?

आमची माय सांगायची, ‘तान्ह्या पोयाले झाला तू. बाहेर पोट्टे लाकडाचे बैल घेऊन बोजारा मांगत होते, अन् तू घरात रडत होता.’ साल १९५६. जुनी जंत्री पाहिली तर त्या वर्षीचा तान्हा पोळा ५ सप्टेंबरला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी मात्र १ जुलै लिहून टाकली, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे. नोकरी, पेन्शन, आधार, सगळे त्या १ जुलैवर चालले. मायच्या तारखेची कुणाला गरज पडली नाही. पडली ती एका ऑनलाइन ज्ञानकोशात माझी नोंद झाली तेव्हा.

फेब्रुवारी २०२३मध्ये वर्ध्यात ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्या उत्साहात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने माझ्यावर सात ओळी लिहिल्या. माझी पुंजी म्हणजे पऱ्हाटीच्या शेतीतले शब्द जमवून काढलेले एक पुस्तक. फरदड म्हणजे काय, सीतादही कशाला म्हणतात, असे. विद्यार्थ्याने संदर्भ म्हणून एका पुरवणीतला माझा परिचय जोडला, आणि घोळ तिथेच होता.

परिचय लिहिणाऱ्याला मी फोनवर तान्ह्या पोळ्याची हकिकत सांगितली होती. आता जिल्ह्यात तान्हा पोळा म्हटला की सिंदी रेल्वेच आठवते, एवढे तिथले नंदी प्रसिद्ध. ती सिंदी सेलू तालुक्यातली, नागपूरच्या रेल्वेमार्गावरची. माझी सिंदी मेघे वर्ध्याला चिकटलेली, कुठे शहर संपते आणि कुठे गाव लागते ते रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. त्या गृहस्थांनी तान्हा पोळा आणि सिंदी जोडून मला सिंदी (रेल्वे) येथे जन्माला घातले.

मी रात्री बसून ‘संपादन’वर टिचकी मारली, ‘रेल्वे’ काढून ‘मेघे’ लिहिले आणि झोपलो. सकाळी पुन्हा ‘रेल्वे’.

अशा नोंदीला पाठीमागे ‘इतिहास’ नावाचे पान असते. कोणी, किती वाजता, काय बदलले, सगळे ओळीने. वाढवले की हिरवा आकडा, घटवले की लाल. माझ्या नावासमोर लाल होता. खाली टीप: ‘उलटवले. स्वतःच्या चरित्रात स्वतः बदल करू नयेत. चर्चा पानावर मांडावे.’ भाषा अदबीची, ‘आपण’ आणि ‘कृपया’ची. छत्तीस वर्षे पोरांच्या वह्यांवर लाल शाई मी फिरवली होती, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हते.

चर्चा पानावर लिहिले. शेवटी चार नागमोडी रेघा काढल्या की आपली सही आपोआप उमटते, हे शिकलो. उत्तर आले: जन्मस्थळाला प्रकाशित पुरावा आहे का? मी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फोटो पाठवायची तयारी दाखवली. दाखला हा प्रकाशित संदर्भ नव्हे, असे कळले. बरेच झाले म्हणायचे. दाखल्यावर गाव बरोबर होते, पण तारीख १ जुलै. म्हणजे माझाच साक्षीदार अर्धा माझ्याविरुद्ध.

एवढ्यात दुसरा सदस्य आला. गावाशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याने ‘महाराष्ट्र’ खोडून ‘मुंबई राज्य’ केले. तिसऱ्याने तेही खोडून ‘मध्य प्रदेश’ केले, आणि तिसरा बरोबर होता! वर्धा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यात आला, महाराष्ट्र तर १९६०चा. बाजेवरून न हलता मी दोन महिन्यांच्या आत राज्य बदलले होते आणि सदुसष्ट वर्षे मला त्याचा पत्ता नव्हता. तिसरा माणूस कोण, माहीत नाही. त्याला चहा पाजायला आवडेल.

दरम्यान नोंदीच्या माथ्यावर एक पट्टी लागली: ही व्यक्ती नोंदीइतकी उल्लेखनीय आहे का, यावर चर्चा सुरू आहे. आपण उल्लेखनीय आहोत की नाही यावर अनोळखी माणसे शांतपणे मत देताहेत, हे वाचताना चहा निवतो. बायको म्हणाली, ‘मले विचारलं असतं तं मीच सांगतलं असतं.’

या रांगेत मोठी माणसेही उभी राहून गेली आहेत. अमेरिकन पत्रकार जॉन सायगेंथेलर यांच्यावरच्या विकिपीडियाच्या नोंदीत २००५मध्ये कोणीतरी थट्टेने लिहिले की केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांच्यावर संशय होता. ते चार महिने तसेच राहिले. आज जिवंत माणसांच्या नोंदींबाबत जी कडक शिस्त आहे, तिच्यामागे हे प्रकरण मोठे. कादंबरीकार फिलिप रॉथ २०१२मध्ये स्वतःच्या कादंबरीचे मूळ दुरुस्त करायला गेले, तर त्यांनाही दुय्यम संदर्भ मागितला गेला. त्यांनी ‘न्यू यॉर्कर’च्या संकेतस्थळावर जाहीर पत्रच लिहिले, छापून आल्यावर त्यांचे म्हणणे ग्राह्य झाले. आपल्याकडे २०२५च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरील नोंदीवरून महाराष्ट्र सायबर विभागाने नोटीस काढली आणि काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. माझ्या मते चर्चा पानावरचे भांडण पोलिसांत नेले की पुरावा मागणारा माणूसच आधी पळतो. नागपुरात ज्ञानकोशाची मांडणी सुरू करणाऱ्या केतकरांशी लोक कडाडून भांडले असतील, पण भांडणाऱ्यांना निदान केतकरांचा पत्ता माहीत होता.

मी रॉथसाहेबांचा मार्ग धरला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणारच होती. प्रस्तावनेत एक वाक्य घातले: माझा जन्म वर्ध्यालगतच्या सिंदी मेघे येथे, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, शाळेच्या नोंदीत १ जुलै. छापून आले, विद्यार्थ्याने पान क्रमांकासह जोडले, आणि स्वतःबद्दलच्या साध्या तपशिलाला लेखकाचे पुस्तक चालते म्हणून ते टिकले. तीच गोष्ट मी चर्चा पानावर चार वेळा सांगितली होती. उल्लेखनीयतेची पट्टी अजून आहे. कोणी काढत नाही, नोंदही कोणी काढत नाही.

परवा इतिहास पुन्हा उघडला. नवी ओळ, हिरवा आकडा. सावंगी मेघे, बोरगाव मेघे, पिपरी मेघे ही आमची शेजारची गावे त्या भल्या माणसाने कधी ऐकली नसावीत. गावाच्या पुढे ‘मेघे’ पाहून त्याने ते माझे आडनाव ठरवले आणि चौकटीत माझ्या नावापुढे लावून टाकले.