विरंगुळ्याच्या कोड्यांचे मोल

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारे पाणी ओंजळीत घेणाऱ्या यात्रेकरूपुढे एक कोडे सहज मांडता येईल. दोघी बहिणी एकाच मुखातून निघाल्या. एकीने घरामागचा समुद्र जवळ केला, दुसरीने घरामागच्या समुद्राकडे पाठ फिरवून सारा देश ओलांडला. त्या कोण? उत्तर अवघड नाही. सावित्री पश्चिमेचा कडा उतरून शंभर किलोमीटरांच्या आसपास वाहते आणि बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र पूर्वेची वाट धरते, माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला कुशीत घेते आणि सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला जाते. उत्तर सापडल्यावर सोडवणाऱ्याच्या ध्यानात केवळ दोन नावे राहत नाहीत. सह्याद्रीची धार दख्खनच्या पश्चिम कडेला कशी उभी आहे आणि महाराष्ट्राचे बहुतेक पाणी समुद्र इतका जवळ असूनही पूर्वेकडे का वाहते, याचा उलगडा त्याला होतो.

याच महाबळेश्वरी दुसऱ्या जातीचा प्रश्नही विचारला जातो. गावाची उंची किती? सुमारे १,३७२ मीटर. पाऊस किती? वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर. ही उत्तरे ज्याला ठाऊक आहेत तो जिंकला, ज्याला ठाऊक नाहीत तो हरला. विचार करून ती काढता येत नाहीत. पहिल्या प्रश्नाला मराठीत कोडे म्हणतात, दुसऱ्याला अलीकडे सामान्यज्ञान म्हणण्याचा प्रघात पडला आहे. दोन्ही विरंगुळ्याचेच प्रकार. परंतु दोहोंचे मोल एक नव्हे. कोडे सोडवणे हा वेळेचा अपव्यय आहे असे मानणारे आणि प्रश्नमंजूषा म्हणजेच विद्वत्ता असे मानणारे, दोघेही हा भेद विसरतात.

मराठी माणसाला कोड्याचे वावडे कधीच नव्हते. हुमाण, आहणा, उखाणा ही कोड्याचीच जुनी नावे होत. आज उखाणा म्हटला की लग्नकार्यात नाव घेण्याचा प्रसंग आठवतो. पण या शब्दाचा एक जुना अर्थ कोडे असाच आहे. दळताकांडताना, शेताच्या बांधावर, रात्री अंगणात मुलांना झोप येईपर्यंत ही हुमाणे घातली जात. त्यांचा विषय नेहमी डोळ्यांसमोरचा असे: जाते, मुसळ, कणीस, नारळ, सावली. रोज दिसणारी वस्तू अनोळखी करून दाखवायची आणि ऐकणाऱ्याने ती पुन्हा ओळखायची, हा त्या खेळाचा गाभा. संतांनी हीच रीत परमार्थाकडे वळवली. मुक्ताबाईच्या कूट अभंगातील सूर्य गिळणारी मुंगी हे अध्यात्मातले हुमाणच म्हणावयास हवे. पंडितांच्या हाती हा खेळ अक्षरांचा झाला. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बारामतीस बसून जी अनेक रामायणे रचली, त्यांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. ओठ न मिटता म्हणता यावे म्हणून त्यांनी त्यात प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य केली. ज्या काव्याच्या नायकाचे नावच ‘म’काराशिवाय उच्चारता येत नाही, ते काव्य ‘म’काराविना रचावयाचे, हे शब्दकोडे नव्हे तर काय?

आज ज्याला शब्दकोडे म्हणतात ते चौकटींचे कोडे मात्र परदेशातून आले. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन यांनी ते प्रथम मांडले. तेथून ते जगभर पसरले आणि यथावकाश मराठी दैनिकांच्या रविवारच्या पानावर येऊन स्थिरावले. पण इंग्रजीतून मराठीत येताना त्याचा स्वभाव पालटला. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो आणि असे वर्ण एकूण २६. मराठीत एका घरात एक अक्षर बसते, म्हणजे व्यंजन, त्याची मात्रा आणि असल्यास त्याचे जोडाक्षरही. ‘क’च्या घरात ‘कि’ चालत नाही, ‘कि’च्या घरात ‘की’ चालत नाही, आणि ‘क्र’ तर दोहोंनाही परका. आडवा शब्द आणि उभा शब्द ज्या घरात भेटतात तेथे दोघांचे काना-मात्रा-वेलांटीसकट एकमत व्हावे लागते. इंग्रजीप्रमाणे सर्वत्र एकमेकांना छेदणारे शब्द मराठीत सहसा साधत नाहीत, काळी घरे अधिक ठेवावी लागतात, त्याचे कारण हेच.

ही अडचण वाटते, पण खरे पाहता तोच या खेळाचा लाभ आहे. ‘कवी’ आणि ‘गती’ यांची शेवटची वेलांटी दीर्घ, मात्र ‘कविता’ आणि ‘गतिमान’ यांत ती ऱ्हस्व, हा १९६२ नंतरच्या लेखननियमांतील भेद व्याकरणाच्या पुस्तकात वाचून अनेकांच्या लक्षात राहत नाही. तोच भेद शब्दकोड्यात एक घर अडले की कायमचा ध्यानात राहतो. निवृत्त शिक्षक, दुपारी घटकाभर निवांत झालेली गृहिणी, गाडीच्या प्रवासातला कारकून हे सारे कोडे सोडवताना शुद्धलेखनाचे धडे स्वखुशीने गिरवीत असतात. शिक्षेचे भय नाही, गुणांचा लोभ नाही. तरीही ते पेन्सिलीने लिहितात, खोडतात आणि पुन्हा लिहितात. शाळेला जे साधत नाही ते विरंगुळ्याला साधते.

मग या खेळात दोष शिरला कोठून? तो बक्षिसाच्या वाटेने शिरला. स्वातंत्र्याच्या आगेमागे मोठ्या रकमांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. प्रवेशमूल्य भरून पाठवावयाच्या या कोड्यांत अनेकदा एकाच सूचनेला दोन-दोन शब्द सारखेच लागू पडत आणि ‘अधिकृत’ उत्तर त्यांतले एकच ठरे. बुद्धीचे काम संपून नशिबाचे काम सुरू होते ते नेमके येथेच. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवला. पुढे बंगळूरहून प्रसिद्ध होणाऱ्या एका साप्ताहिकातील शब्दकोडे-स्पर्धेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात न्यायालयाने असा निर्वाळा दिला की जुगार हा व्यापार नव्हे, आणि म्हणून व्यवसायस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्यास मिळणार नाही. दरम्यान संसदेने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला होता. कोणत्याही महिन्यात बक्षिसांची रक्कम १,००० रुपयांहून अधिक नसावी आणि एका स्पर्धेच्या प्रवेशिका २,००० हून अधिक नसाव्यात, अशी मर्यादा त्याने घातली. हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांपुरताच आहे, कौशल्याच्या स्पर्धांना तो लागू नाही, असा खुलासाही न्यायालयाने त्याच वर्षी केला. भारतीय कायद्यातील कौशल्य आणि नशीब यांची सीमारेषा ठरविणाऱ्या निर्णयांत शब्दकोड्याचा असा मानाचा वाटा आहे.

ती रेषा पुढे पुन्हा पुसट झाली. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाल्यापासून माहितीच्या तुकड्याला किंमत असते, ही कल्पना घरोघर पोहोचली. त्यानंतर मोबाइलवर पैसे लावून खेळावयाचे प्रश्नांचे नि पत्त्यांचे खेळ आले आणि ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे १९५७ चे वाक्य त्यांच्या जाहिरातींची ढाल बनले. अखेर २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा करून पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरविले. सात दशकांच्या या प्रवासातून निघणारा बोध साधा आहे. कोड्याचे बक्षीस कोड्याच्या उत्तरातच असावे. ते बाहेरून येऊ लागले की सोडवणारा आपल्या खिशाकडे आणि घालणारा त्याच्या खिशाकडे पाहू लागतो.

सामान्यज्ञानाचे प्रश्न म्हणून टाकाऊ ठरतात असे मात्र नाही. तुकडा पुढच्या प्रश्नाकडे नेत असेल तर तोही कोड्याइतकाच उपकारक होतो. महाबळेश्वरचे ‘आर्थर सीट’ हे ठिकाण घ्यावे. हा आर्थर कोण, असे विचारले तर ब्रिटिश अधिकारी आर्थर मॅलेट, हे उत्तर येईल आणि प्रश्न तेथेच मिटेल. पण त्यापूर्वी या कड्याचे नाव काय होते, असे विचारले की ‘मढीमहाल’ हा शब्द समोर येतो. मग मुलाच्या मनात सहज येते की इतर ‘पॉइंटां’चीही जुनी नावे असतील काय, ती कोणी दिली, आणि ती गेली कशी? जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, येथे गिरिस्थान वसले आणि डोंगराला नवी नावे मिळाली, हा इतिहास मग पाठ करावा लागत नाही. तो शोधला जातो.

या शोधाची साधने महाबळेश्वरपासून दूर नाहीत. घाट उतरले की वाई लागते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश तेथेच सिद्ध होऊ लागला आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. पाचगणीच्या वाटेवर भिलार आहे. २०१७ च्या मे महिन्यात ते ‘पुस्तकांचं गाव’ झाले आणि तेथील घरांतून वाचकांसाठी मराठी पुस्तके मांडली गेली. अशा गावात एखादा कोपरा हुमाणांसाठी राखला जावा. डोंगरातील जुन्या माणसांना येणारी कोडी शाळेच्या मुलांनी विचारून, लिहून आणावीत आणि सुटीला आलेल्या मुलांना ती घालावीत. त्यास निधी लागत नाही, समिती लागत नाही. एक वही आणि विचारण्याची उत्सुकता पुरते. हुमाणे सांगणारी पिढी वार्धक्याकडे झुकली आहे, आणि त्यांतली कित्येक कागदावर कधीच उतरलेली नाहीत, म्हणून हे काम लवकर व्हावयास हवे.

मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचे सोहळे झाले, पुढेही होतील. पण भाषा जिवंत राहते ती घरात कोणी कोणाला ‘ओळख पाहू’ असे म्हणते तेव्हा. नातवाला उत्तर येत नाही, आजी ते लगेच सांगत नाही, आणि तो विचार करीत बसतो. त्या थोड्या वेळात भाषेचे जे काम होते ते कोणत्याही दर्जाने व्हावयाचे नाही.