प्लॅन, उचल आणि एक गळा

नाटकवाल्याला 'कसं चाललंय?' असं कुणी विचारत नाही. 'प्लॅन किती गेला?' असं विचारतात. प्लॅन म्हणजे तिकीटबारीवरचा खुर्च्यांचा तक्ता. त्यावरच्या फुल्या मोजल्या की त्या रात्रीपुरता निकाल लागतो. संगीत नाटकाचा हिशेब मात्र एवढ्यावर कधी मिटला नाही. खुर्च्या भरत होत्या आणि कंपनी बुडत होती, असंही आपल्याकडे घडलं आहे. त्यातली बरीच माणसं सातारा-सांगलीच्या मातीतली.

दर ५ नोव्हेंबरला सांगलीत रंगभूमी दिन होतो, तो १८४३च्या 'सीतास्वयंवर'मुळे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना तसंच काही, पण अधिक नीटस, मराठीत करायला सांगितलं. भाव्यांनी पदं रचली आणि ती गाण्याचं काम सूत्रधाराकडे आलं. राजाची मर्जी हेच तेव्हा यशाचं माप होतं, आणि खर्चही राजाचाच. १८५१ साली चिंतामणराव वारले. पाठीवरचा हात गेल्यावर भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकघरात तिकीट लावून खेळ झाला. मराठी नाटकाला तिकीट लागलं ते असं, गरजेपोटी. आपण १८४३चं कौतुक करतो ते योग्यच, पण नाटकधंद्याची जयंती करायची असेल तर माझं मत १८५३ला.

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. त्यांचं 'शारदा' १८९९ साली किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्याच्या रूढीवर ते नाटक होतं, आणि त्यातली पदं घरोघरी गेली. हे यश गल्ल्यात कसं मोजायचं? १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक 'शारदा कायदा' म्हणू लागले. खरं तर तो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाचा, 'सारडा कायदा'. लोकांनी चुकीचं नाव उचललं, आणि नाटकाच्या यशाची याहून चांगली पावती मला तरी ठाऊक नाही.

आता गळ्याबद्दल. बालगंधर्वांच्या घराण्याचं गाव नागठाणे आजच्या सांगली जिल्ह्यात येतं. किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून ते १९०५ साली पहिल्यांदा उभे राहिले तेही मिरजेला. १२ मार्च १९११ला खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला. पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट निष्ठेची म्हणून सांगितली जाते. ती आहेच. पण कंपनीच्या वहीतून पाहिलं तर दुसरंही दिसतं : त्या भूमिकेला बदली नट नव्हता. मुख्य गायकनट उभा राहिला नाही तर पडदा उघडत नाही, ही संगीत नाटकाची सगळ्यात मोठी जोखीम तेव्हाही होती.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. 'स्वयंवर'नं १९१६ साली वन्समोअरचा कहर केला. वन्समोअर ही गमतीची चीज आहे. नटाला ती पदकासारखी वाटते, व्यवस्थापकाला मात्र घड्याळ दिसतं. एकाच तिकिटात लोक तेच पद तीन-तीनदा ऐकून जातात, गळा झिजतो, गल्ला तेवढाच राहतो. त्यात खर्चाला हात आखडणं बालगंधर्वांच्या स्वभावातच नव्हतं. १९२०च्या 'द्रौपदी'वर झालेला पाण्यासारखा खर्च तिकीटबारीनं परत दिला नाही आणि मंडळी कर्जात रुतली. लोकप्रियता शिगेला होती तेव्हाची ही गोष्ट. ते कर्ज त्यांनी पुढे गाऊनच फेडलं.

८ जुलै १९२१ला टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले धैर्यधर. आणि ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, वय जेमतेम एकतीस. मालक, दिग्दर्शक आणि प्रमुख गायक एकाच देहात असले की असा घाव बसतो. बापूराव पेंढारकरांनी 'ललितकलादर्श' पुढे नेली, म्हणून ती तरली.

साताऱ्याचं नाव मिरवणारी शाहूनगरवासी मंडळी या गायनाच्या लाटेत गद्य नाटकं घेऊन उभी राहिली. तिथं ना ऑर्गन, ना सारंगी. खर्च कमी, पण भार पुन्हा एकाच माणसावर, गणपतराव जोशांवर.

संगीत नाटक म्हटलं की आपण नाट्यपदांपाशीच थांबतो, हे काही बरोबर नाही. वाळव्याच्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि कवलापूरचे काळू-बाळू हेही संगीताचेच धनी. बापूरावांनी घरदार, जात, वतन मागे टाकून फड उभा केला आणि अखेर हलाखीत गेले. तमाशात जोखमीचं नाव 'उचल'. हंगामाआधी कलावंतांना आगाऊ पैसे द्यायचे, ते बहुतेकदा सावकाराकडून आणायचे, आणि चैत्र-वैशाखाच्या यात्रांच्या सुपाऱ्यांतून वसूल करायचे. सगळी कमाई जत्रेच्या दोन महिन्यांत. २०२० आणि २०२१ साली यात्राच भरल्या नाहीत. उचल वाटून झाली होती, व्याज थांबलं नव्हतं. नाटकाचा एक प्रयोग पडतो, फडाचं अख्खं वर्ष पडतं.

खर्चाच्या या जोखमीवर आजच्या मंडळींनी काढलेली तोड मला 'संगीत देवबाभळी'त दिसते. प्राजक्त देशमुखांचं २०१७चं हे नाटक. रंगमंचावर दोनच स्त्रिया, आवली आणि लखूबाई. दोनच कलाकार म्हणजे नाईटचा खर्च आवाक्यात, दौऱ्याची गाडीही लहान. भव्यता कमी झाली असं कुणी म्हणेल. मला तर ओव्या-अभंगांना जागा मिळाली असं वाटलं. गळ्यांची जोखीम मात्र दोघींवर येऊन आणखी घट्ट झाली. त्यांपैकी एकीचा आवाज बसला तर काय, हा प्रश्न नाटक कंपनीच्या वहीत १९११ साली होता तसाच आजही आहे.

फडाकडे सुपारी घेऊन येणारे पंच प्लॅन वगैरे पाहत नाहीत. चटईवर बसतात, चहा घेतात, पैशाचं बोलणं थोडं पुढे ढकलतात आणि विचारतात, 'यंदा गायला कोण आहे?'