तिरळेपणा : कारणे आणि विलंबाची किंमत

लहान मुलाचा एक डोळा किंचित आत वळलेला दिसला की ‘हे तर भाग्याचे लक्षण’ असे सांगणारे कोणीतरी वडीलधारे वरठीच्या बाजारपेठेत भेटते, तसेच नागपूरच्या इतवारीतही भेटते. कोणी पाळण्यावर फार जवळ टांगलेल्या खेळण्यांना दोष देतो. या दोन्ही समजुतींना आधार नाही. पण त्यांच्यापायी मुलाची मोलाची वर्षे निघून जातात.

प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी हलतो आणि मेंदूतून निघणाऱ्या तीन नसा त्या स्नायूंना आज्ञा देतात. दोन्ही डोळ्यांनी टिपलेली, परस्परांहून थोडी निराळी अशी चित्रे मेंदू एकत्र करतो. दुकानात संध्याकाळी रोजमेळ आणि खातेवही जुळवतात, तसे हे काम क्षणोक्षणी चालते. स्नायूत, नसेत, मेंदूत किंवा खुद्द डोळ्याच्या दृष्टीत कोठेही अडथळा आला की मेळ बिघडतो आणि एक डोळा वाट सोडतो.

मुलांमधील एक फार महत्त्वाचे कारण डच नेत्रतज्ज्ञ डाँडर्स यांनी 1864 च्या ग्रंथात स्पष्ट केले. काही मुलांच्या डोळ्यांत जन्मतःच अधिक क्रमांकाचा दोष असतो. स्पष्ट दिसावे म्हणून असे मूल डोळ्यातील भिंगावर सतत ताण देते. आणि भिंगाचा हा ताण व डोळे आत वळणे या दोन क्रिया निसर्गाने एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत. त्यामुळे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जवळची वस्तू पाहताना, डोळा नाकाकडे वळू लागतो. अशा अनेक मुलांचे डोळे केवळ योग्य चष्म्याने सरळ होतात. ‘एवढ्याशा पोराला चष्मा कशाला?’ हा आजीचा प्रश्न येथे मुलाच्या हिताआड येतो.

डोळा बाहेर वळण्याचा प्रकार निराळा आहे. तो सुरुवातीस मूल थकले, आजारी पडले किंवा तंद्रीत असले तरच दिसतो. उन्हात असे मूल एक डोळा मिटून घेते. काही मुले मान एका बाजूस कलती ठेवतात. पालक मानेची मालिश करीत राहतात, पण मूळ दोष डोळ्याच्या एखाद्या दुबळ्या नसेत असू शकतो. घराण्यात तिरळेपणा असणे आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म यांनीही शक्यता वाढते.

कधी क्रम उलटाच असतो. आधी दृष्टी जाते आणि मग डोळा वळतो. जन्मजात मोतीबिंदू किंवा नेत्रपटलाची गाठ यांची पहिली दिसणारी खूण तिरळेपणा ही असू शकते. फ्लॅशच्या छायाचित्रात एक बाहुली पांढुरकी दिसली, तर एक दिवसही थांबू नये.

अगदी तान्ह्या बाळाचे डोळे पहिल्या तीन-चार महिन्यांत अधूनमधून इकडेतिकडे होतात, ते चालते. नाकाचा रुंद पूल असलेली बाळेही उगाच तिरळी भासतात. खरे काय ते तपासणीतच कळते.

सर्वांत महाग पडतो तो ‘लग्नाच्या वेळी शस्त्रक्रिया करू’ हा निर्णय, विशेषतः मुलींच्या बाबतीत. वळलेल्या डोळ्याचे चित्र मेंदू दाबून टाकतो आणि तो डोळा मंद होत जातो. चांगला डोळा रोज काही तास झाकून मंद डोळ्याला कामास लावण्याचा उपचार लहान वयात, साधारण सात-आठ वर्षांच्या आत, उत्तम लागू पडतो. विसाव्या वर्षी शस्त्रक्रियेने डोळा सरळ दिसेल; बालपणी हरवलेली दृष्टी मात्र त्याने परत येत नाही.

प्रौढांचे वेगळे. पेढीवर बसलेल्या मधुमेही गृहस्थाला एकाएकी एकाच आकड्याचे दोन दिसू लागले, तर डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुले तपासतात; खासगी शाळांत जाणाऱ्या आपल्या मुलांची तपासणी पालकांनाच करवून घ्यावी लागते. वरठीकरांना भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय जवळ आहे, आणि गावातल्याच भंडारा रोड स्थानकावरून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाता येते. जाताना मुलाची जुनी छायाचित्रे सोबत न्यावीत. डोळा केव्हापासून वळू लागला, मान केव्हापासून कलली, हे आईवडिलांच्या आठवणीपेक्षा त्यांतून डॉक्टरांना अचूक कळते.