आजच्या मापाची गाडी

मराठी मध्यमवर्गीय घरात मुलांसाठी काही विकत घ्यायचं म्हटलं की एक वाक्य ठरलेलं असतं : 'जरा वाढत्या मापाचं दाखवा.' जून महिन्यात गणवेशाच्या दुकानात ते ऐकू येतं, रेनकोट घेताना ऐकू येतं, बूट घेताना तर हमखास. आमच्या पिढीच्या चड्ड्यांना आतून चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं असे. दर वर्षी थोडं उसवायचं आणि आणखी एक वर्ष काढायचं. बूट सैल झाले तर पुढे कापसाचा बोळा. या काटकसरीवर पुष्कळ विनोद झाले, पण तिच्यात गैर काही नव्हतं. सदरा ढगळ असला तर वर्गातली चार पोरं फार तर हसतात. सदरा मुलाला पाडत नाही.

गाडी पाडते. म्हणूनच 'वाढत्या मापाचं' हे सूत्र दोन चाकांच्या वाहनाला लावायचं नसतं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

हा विषय सुचायचं कारण म्हणजे अलीकडे मुलांच्या तोंडी आलेला शब्द, 'डर्ट बाइक'. मातीवर, उंचवट्यांवर, खाचखळग्यांत चालवायची ही हलकी मोटारसायकल. तिला दिवा नसतो, आरसा नसतो, नंबरप्लेटही नसते. असतात ते जाड खाचांचे टायर आणि लांब झोका घेणारे शॉकॲब्सॉर्बर. पुणे आणि नाशिक या शहरांना मातीतल्या मोटारसायकल शर्यतींचा शौक जुना आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची नवी लीग सुरू झाली. बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार ही जगातली खडतर रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. त्याच शहरातल्या ऐश्वर्या पिस्से हिने २०१९ मध्ये महिलांचा बाहा विश्वचषक जिंकला. मुलांनी, आणि मुलींनीही, हे पाहिलेलं असतं. मग एखाद्या रविवारी जेवताना विषय निघतो. आई 'अजिबात नाही' म्हणते, बाबांचे डोळे मात्र चमकतात.

आईचं म्हणणं आधी ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली जाहीर केलेल्या धोरणात, सोळा वर्षांखालच्या मुलांनी कच्च्या वाटांवरची इंजिनाची वाहनं चालवूच नयेत, अशी भूमिका घेतली. ज्या घराला हे पटतं त्या घराने मुलाला चांगली सायकल घ्यावी आणि निश्चिंत राहावं. त्यात मुलाचं काही बुडत नाही. पण ज्या घरात 'हो' म्हणायचं ठरलं आहे, तिथे पुढचा प्रश्न गाडीच्या मापाचा आहे. आणि हा प्रश्न किती गंभीर आहे, हे त्याच अमेरिकेने आणखी एका निमित्ताने पाहिलं.

२००८ साली तिथे मुलांच्या वस्तूंमधल्या शिशाच्या प्रमाणावर बंधन घालणारा कडक कायदा झाला. रोख खेळण्यांवर होता, पण मुलांच्या मोटारसायकलीही त्यात सापडल्या, कारण बॅटरीत आणि काही सुट्या भागांत शिसं असतं. फेब्रुवारी २००९ मध्ये दुकानांतून या छोट्या गाड्या हलवल्या गेल्या. तेव्हा तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगापुढे वेगळीच चिंता उभी राहिली. लहान गाडी मिळेना म्हणून आईबाप मुलांना मोठ्यांच्या गाडीवर बसवतील, आणि तो धोका शिशापेक्षा कितीतरी मोठा! त्या वर्षीच अंमलबजावणीला स्थगिती मिळाली आणि २०११ मध्ये या गाड्यांना कायद्यातूनच सूट देण्यात आली.

आता प्रत्यक्ष मापाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांप्रमाणे सहा वर्षांच्या मुलाची मधली उंची सुमारे ११६ सेंटीमीटर असते आणि दहाव्या वर्षी सुमारे १३८. म्हणजे वर्षाला साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास. पौगंडावस्थेत हा वेग आणखी वाढतो. मुलींचा मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी. गाड्या बनवणाऱ्यांनीही याच पायऱ्या डोळ्यांपुढे ठेवलेल्या दिसतात. यामाहाच्या ५० सीसीच्या 'पीडब्ल्यू ५०' या जुन्या, नावाजलेल्या गाडीचं सीट जमिनीपासून जेमतेम ४७-४८ सेंटीमीटरवर असतं आणि वजन ४१ किलो. होंडाच्या ५० सीसी गाडीचं सीट सुमारे ५५ सेंटीमीटरवर, वजन ५० किलो. त्याच कंपनीच्या ११० सीसी गाडीचं सीट ६६ सेंटीमीटरवर आणि वजन ७७ किलो. सीसीचा आकडा सगळे विचारतात, पण खरं पाहायचं ते सीटची उंची आणि वजन.

दुकानात वय सांगून गाडी मागू नये. आठ वर्षांची दोन मुलं शेजारी उभी केली तर एक दुसऱ्याच्या खांद्याला लागतं. मुलाला बूट घालून गाडीवर बसवावं. शिकाऊ मुलाचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत. थोडा सराव झालेल्याचे दोन्ही चवडे टेकले तरी चालतात. एक पाय टेकतो आणि दुसरा लोंबकळतो, तर ती गाडी त्याची नाही. मग त्याला फूटरेस्टवर उभं राहायला सांगावं. मातीत गाडी बरीचशी उभ्यानेच चालवायची असते, त्यामुळे उभं राहिल्यावर सीट आणि मूल यांच्यात मोकळी जागा हवी. गुडघे हँडलला अडत असतील तर गाडी लहान झाली.

त्यानंतर हात. ब्रेकच्या लिव्हरवर बोटं पोचतात का आणि मूठ न सोडता लिव्हर पूर्ण दाबता येतं का, हे पाहावं. पुष्कळ गाड्यांत लिव्हर मुठीच्या जवळ आणायचा स्क्रू असतो. मेकॅनिककडून तो फिरवून घ्यावा. शेवटची परीक्षा वजनाची. गाडी जमिनीवर आडवी करून मुलाला उचलायला सांगावं. मातीत पडणं हा या खेळाचाच भाग आहे, आणि पडलेली गाडी दर वेळी बाबांनीच उचलायची असेल तर मूल बाबांच्या नजरेच्या टप्प्यापलीकडे जायचं नाही, असा नियम घालावा लागतो. अगदी लहान मुलाला ती उचलता येणार नाही हे उघड आहे. निदान उभ्या गाडीचा तोल त्याला एकट्याने सांभाळता आला पाहिजे.

इंजिनाच्या स्वभावाचंही पाहावं. फोर-स्ट्रोक गाडी मूठ पिळली की सावकाश जोर धरते. शर्यतीसाठी बनवलेली टू-स्ट्रोक गाडी काही अंतर गरिबासारखी चालते आणि मग एकदम उसळते. नवशिक्याला पहिलीच बरी. सुरुवातीला क्लच आपोआप लागणारा असावा, म्हणजे मुलाचं लक्ष तोल आणि ब्रेक या दोनच गोष्टींवर राहतं. हाताने दाबायचा क्लच साधारण ६५ सीसीच्या गाड्यांपासून सुरू होतो. 'पीडब्ल्यू ५०'सारख्या गाडीत ॲक्सिलरेटर किती पिळला जावा यावर बंधन घालणारा स्क्रू असतो. तो पालकाच्या हाती. मूल सरावेल तसा तो थोडा थोडा सैल करत जायचा. म्हणजे वाढीची सोय गाडीत असावी, पण ती स्क्रूत असावी, उंचीत नव्हे. मुलांसाठी बनलेल्या काही विजेच्या गाड्यांत तर जोर आणि सीटची उंची, दोन्ही टप्प्याटप्प्याने वाढवता येतात.

इथे एक हिशेबी पालक मला म्हणाले, "काका, हे सगळं खरं. पण २०२३ मध्ये कावासाकीची ६५ सीसीची गाडी आपल्याकडे आली तीच तीन लाखांच्या वर. दोन वर्षांत ती लहान होणार. मग एकदम पुढच्या मापाचीच घेतली तर?"

मी बँकेत अधिकारी होतो, त्यामुळे असे हिशेब मला परके नाहीत. कर्जाचा अर्ज समोर आला की आम्ही माणसाची आजची परतफेडीची ताकद पाहत असू. पुढच्या वर्षी बढती मिळणार आहे, असं अर्जदार छातीवर हात ठेवून सांगे आणि बहुधा ते खरंही असे; पण हप्ता मात्र या महिन्यापासून सुरू व्हायचा असतो. मोठ्या गाडीचंही तसंच आहे. मूल दोन वर्षांनी तिच्या मापाचं होईल यात शंका नाही, पण तिचा ब्रेक त्याला या रविवारी दाबायचा आहे.

शिवाय हिशेबातही एक गफलत आहे. गाडीचा खर्च म्हणजे तिची किंमत नव्हे. घेतलेली किंमत वजा विकलेली किंमत, अधिक दुरुस्ती. समजा, चांगल्या स्थितीतली सेकंडहँड गाडी एक लाख वीस हजारांना घेतली आणि दोन वर्षांनी नव्वद हजारांना दुसऱ्या मुलाला दिली. तीस हजारांत चोवीस महिने, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. मुलांच्या गाड्या झिजून बाद होण्याआधी लहान होतात, त्यामुळे सेकंडहँड गाडीत दम शिल्लक असण्याचा संभव बराच असतो. मात्र घेताना चेन, स्पोक, ब्रेक आणि इंजिनाचा आवाज जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावा, आणि सुटे भाग कुठे मिळतात ते आधी विचारावं. निव्वळ स्वस्त म्हणून मिळणाऱ्या बिनपत्त्याच्या छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा हाच शेवटचा प्रश्न अडतो.

आपल्या गावांनी हा प्रश्न पूर्वी किती सहज सोडवला होता! चौकातल्या सायकलच्या दुकानात तासावर सायकल मिळे. बुटकी, मधली, मोठी, अशा सायकली ओळीने लावलेल्या असत आणि उंची वाढेल तसं पोर एकीवरून दुसरीवर जाई. सायकल कुणाच्याच मालकीची नसे, पण ती असे मापाची. ज्यांना ती चैन परवडत नव्हती ती मुलं वडिलांच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकली आणि गुडघ्यांवर त्याच्या खुणा बाळगून आहेत. त्या खुणांचं कौतुक आपण फार केलं. पण ती सायकल होती. ढकलणारे पाय त्या पोराचेच होते. इंजिन आपला जोर कुणाच्या पायांकडून मागून घेत नाही.

तासाच्या सायकलीची ती युक्ती आजही चालते. प्रशिक्षकाच्या मैदानावर भाड्याची गाडी मिळत असेल तर चार-सहा रविवार आधी तिथे घालवावेत. हौस टिकते की नाही ते कळतं आणि मापही कळतं. त्याच्याही आधी सायकल हवी. सायकलवर तोल, वळण आणि ब्रेक पक्के झालेले नसतील तर इंजिनाची घाई करू नये.

गाडीच्या मापाला जो नियम तोच हेल्मेटला. इथे तर वाढत्या मापाचा मोह अधिकच वाईट. हेल्मेट घालून मुलाने मान हलवली की गालांची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट वेगळं आणि डोकं वेगळं फिरत असेल तर ते फक्त शोभेचं आहे. मोठ्यांचं जड हेल्मेट लहान मानेला पेलवतही नाही. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, गुडघ्याचे आणि कोपरांचे पॅड, हातमोजे आणि छातीचं कवच एवढं तरी हवंच. हा खर्च गाडीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावा, उरलेल्या पैशांत गाडी बसवावी.

कायद्याचंही स्पष्ट बोलू. नोंदणी नसलेली डर्ट बाइक सार्वजनिक रस्त्यावर कुणीच चालवायची नसते. सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत 'एक चक्कर' सुद्धा नाही. रस्त्यावर ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवायला वयाची सोळा वर्षं आणि इतर गाड्यांना अठरा पूर्ण लागतात, तेही परवान्यासह. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मैदानापर्यंत गाडी टेम्पोतून न्यावी, टेम्पोतूनच परत आणावी.

राहता राहिला सर्वांत नाजूक मुद्दा. ही हौस नक्की कुणाची? आपल्याला तरुणपणी मोटारसायकल मिळाली नाही म्हणून मुलाला ती दिली जाते आणि मोठ्या गाडीवर बसवलेलं मूल काही बोलत नाही, कारण बाबांनी एवढे पैसे खर्च केलेले असतात. ते फक्त रविवारी सकाळी पोट दुखतंय म्हणतं. पालकांनी ही पोटदुखी ओळखायला हवी. कित्येकदा मुलाला गाडीची भीती नसते, त्या मापाची असते. पाय टेकतील अशी गाडी दिली की तेच मूल तासाभरात खोड्या करायला लागतं.

बहुतेक घरांत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा असतात; मुलाची उंची आणि शेजारी तारीख. गाडी घ्यायला जाण्याआधी तिथे एक नवी रेघ ओढावी, टाचेपासून जांघेपर्यंतचं मापही कागदावर लिहून घ्यावं आणि तो कागद घेऊनच दुकानात जावं. सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं. गाडी लहान झालेली असेल तर ती आनंदाने दुसऱ्या मुलाकडे जाऊ द्यावी. गणवेश मात्र खुशाल वाढत्या मापाचा घ्या.