तेलाच्या सोबतीचें पाणी

रस्त्यावरून धांवणारी मोटार, आकाशांतून जाणारें विमान आणि घरांतील चुलीचा गॅस या सर्वांचें अन्न म्हणजे जमिनीच्या पोटांतून निघणारें खनिज तेल व त्याच्या जोडीचा वायु होय, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेलाच्या विहिरींतून सर्वांत अधिक काय निघतें, असा प्रश्न वर्गांत विचारिला, तर बहुतेक विद्यार्थी "तेल" असेंच उत्तर देतील. आणि पुष्कळ विहिरींच्या बाबतींत तें उत्तर चुकीचें ठरेल. सर्व जगाची सरासरी धरिली, तर एक पिंप तेलामागें तीन पिंपें किंवा त्याहूनही अधिक पाणी वर येतें, असें या विषयांतील जाणते सांगतात. तेलाच्या व्यवहारांत एक पिंप म्हणजे सुमारें १५९ लिटर. तेव्हां तेलाचा धंदा हा एका अर्थीं पाण्याचाच धंदा आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. तेलाला गिऱ्हाईक मिळतें व त्याचा भाव रोज वर्तमानपत्रांत छापून येतो. पण पाण्याला कोणी गिऱ्हाईक नसतें. मग त्याचें काय करावयाचें? प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हें पाणी येतें कोठून, तें पाहूं. जमिनीखालीं तेलाचें एखादें तळें भरलेलें असतें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तेथें तळें नसून सच्छिद्र खडक असतो. स्पंज जसा पाणी धरून ठेवितो, तसा तो खडक आपल्या बारीक छिद्रांत तेल व पाणी धरून ठेवितो. कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं वाळू व गाळ यांचे थर सांचले, तेव्हां त्यांत समुद्राचें पाणीही कोंडलें गेलें. पुढें तेल त्या थरांत शिरलें, आणि पाण्याहून हलकें असल्यामुळें वरच्या भागांत जाऊन बसलें. आपण तेल उपसूं लागलों, कीं खालचें पाणी त्याची जागा घेण्यास वर चढतें. म्हणून विहीर जसजशी जुनी होते, तसतसें तिच्यांतील तेल कमी होऊन पाणी वाढत जातें.

हें पाणी विहिरीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यासारखें नसतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तेलाबरोबर येणारें पाणी कोठें जवळजवळ गोडें, तर कोठें लिटरास ३०० ग्रॅमांपर्यंत क्षार असलेलें आढळतें. शिवाय त्यांत तेलाचे सूक्ष्म थेंब, विरघळलेलें बेंझीन, कांहीं धातु, आणि पुष्कळदां सडक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी हायड्रोजन सल्फाइड वायु असतो. असें पाणी शेतांत शिरलें, तर बीं रुजत नाहीं, आणि मिठानें बिघडलेली जमीन पुढें कित्येक वर्षें सुधारत नाहीं. ओढ्यांत सोडलें, तर त्याचें फळ ओढ्याकांठच्या माणसांस भोगावें लागतें. दक्षिण अमेरिकेंतील एक्वादोर देशाच्या पूर्वेकडील अरण्यांत १९७२ सालानंतर तेल काढण्याचें काम जोरानें सुरू झालें, तेव्हां हें पाणी वर्षानुवर्षें उघड्या खड्ड्यांत सांठविलें जाई व तेथून ओढ्यानाल्यांत जाई. त्याच ओढ्यांत मासे धरणारे, त्याच पाण्यावर स्वयंपाक करणारे व त्यांतच मुलांस न्हाऊं घालणारे वनवासी लोक तेलाच्या नफ्याचे वाटेकरी नव्हते. तोट्याचे मात्र झाले. यावरून हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नसून न्यायाचाही आहे, हें ध्यानांत येईल.

आतां हें पाणी शुद्ध कसें करितात तें पाहूं. त्याचा पहिला धडा आपल्या ताटांतच आहे. आमटीवर तेलाचा तवंग येतो, कारण तेल हलकें असतें. तेलक्षेत्रावरही प्रथम तेल, पाणी व वायु यांचें मिश्रण एका मोठ्या बंद टाकींत घेऊन कांहीं वेळ स्वस्थ राहूं देतात. वायु वर जातो, तेल मध्यें राहतें, पाणी खालीं बसतें, आणि प्रत्येकास निराळ्या नळानें बाहेर काढितात.

परंतु सर्व तेल असें सुलभपणें सुटत नाहीं. केंब्रिज येथील प्रसिद्ध गणिती स्टोक्स यांनीं १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका नियमाचा येथें उपयोग होतो. त्या नियमाप्रमाणें द्रवांतून वर चढणाऱ्या बारीक थेंबाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. म्हणजे थेंब निम्मा झाला, तर वेग चौथाई होतो. थेंब दहावा हिस्सा झाला, तर वेग शंभरावा हिस्सा होतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब स्वस्थ पाण्यांतून एक मीटर वर येण्यास सुमारें वीस मिनिटें घेत असेल, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या थेंबास त्याच प्रवासाला सुमारें दीड दिवस लागेल. इतका वेळ पाणी धरून ठेवावयाचें, तर गांवाएवढ्या टाक्या बांधाव्या लागतील. म्हणून पुढील सर्व युक्त्यांचें सार एवढेंच, कीं थेंबाचा प्रवास तरी कमी करावा, थेंब तरी मोठा करावा, नाहीं तर त्याला कोणी वाहन तरी मिळवून द्यावें.

पहिल्या युक्तींत टाकीमध्यें पन्हाळीच्या पत्र्यासारख्या तिरप्या पट्ट्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर बसवितात. थेंबाला आतां मीटरभर न चढतां दोन बोटें चढावें लागतें. पट्टीला लागला, कीं शेजारच्या थेंबांस मिळून तो मोठा होतो व पट्टीच्या खालच्या बाजूनें सरकत वर येतो. दुसऱ्या युक्तींत निमुळत्या नळ्यांत पाणी कडेनें जोरानें सोडितात. तें भोंवऱ्याप्रमाणें गरगर फिरूं लागलें, कीं जड पाणी बाहेरच्या बाजूस फेंकलें जातें व हलकें तेल मध्यभागीं गोळा होतें. येथें गुरुत्वाकर्षणाचें काम फिरण्याचा वेग शेंकडोंपट अधिक जोरानें करितो. तिसरी युक्ति बुडबुड्यांची होय. सोडावॉटरच्या पेल्यांत बेदाणा टाकिला, तर त्याला बुडबुडे चिकटून तो वर येतो, हें आपण करून पाहूं शकाल. तसेच वायूचे बारीक बुडबुडे तेलाच्या थेंबांस चिकटून त्यांना वर नेतात. शेवटीं उरलेला अंश गाळण्याकरितां जी गाळणी वापरितात, तींत पुष्कळ ठिकाणीं अक्रोडाच्या टरफलांचा भरडा भरलेला असतो! तो कठीण असतो व धुऊन पुनःपुनः उपयोगीं पडतो. ईशान्य अटलांटिक महासागराच्या रक्षणाकरितां झालेल्या करारान्वये समुद्रांत सोडावयाच्या अशा पाण्यांत एका लिटरास सरासरीनें ३० मिलिग्रॅमहून अधिक तेल असूं नये, असें बंधन आहे.

पाणी किती शुद्ध करावयाचें, हें तें पुढें कोठें जाणार यावर अवलंबून असतें. पुष्कळ ठिकाणीं तें परत तेलाच्याच थरांत भरितात. त्यामुळें थरांतील दाब टिकतो व राहिलेलें तेल विहिरीकडे ढकललें जातें. याचें उदाहरण आपल्या किनाऱ्याजवळच आहे. मुंबईच्या पश्चिमेस दीडशेंहून अधिक किलोमीटरांवर अरबी समुद्राखालीं १९७४ सालीं "सागर सम्राट" या जहाजावरून घेतलेल्या विहिरीनें तेलाचा शोध लागला, आणि १९७६ पासून "बॉम्बे हाय" या क्षेत्रांतून तेल येऊं लागलें. तेथें थरांतील दाब टिकविण्याकरितां समुद्राचें पाणी वापरितात. तेंही तसेंच भरून चालत नाहीं. बारीक गाळ राहिला, तर खडकाचीं छिद्रें बुजतात. पाण्यांतील प्राणवायु राहिला, तर लोखंडी नळ गंजून जातात. सूक्ष्म जंतु राहिले, तर ते थरांत विषारी वायु निर्माण करितात. म्हणून तें गाळून, प्राणवायु काढून व जंतु मारून मगच खालीं सोडावें लागतें.

जेथें थराला पाण्याची गरज नसते, तेथें नको असलेलें पाणी दुसऱ्या एखाद्या खोल थरांत घालवून टाकण्याची वहिवाट आहे. डोळ्यांआड झालें म्हणजे काम संपलें, अशी समजूत त्यामागें असते. परंतु पृथ्वी आपला हिशेब विसरत नाहीं. अमेरिकेच्या ओक्लाहोमा संस्थानांत अशा रीतीनें प्रचंड पाणी खोल थरांत सोडण्यांत आलें. त्या पाण्याचा दाब जुन्या भेगांपर्यंत पोंचून एकमेकांस घट्ट धरून बसलेले खडक सरकूं लागले. जेथें पूर्वीं वर्षाकांठीं एकदोन जाणवण्याजोगे धक्के बसत, तेथें २०१५ सालीं त्यांची संख्या नऊशेंच्या आसपास गेली, आणि ३ सप्टेंबर २०१६ रोजीं पॉनी गांवाजवळ ५.८ प्रतीचा भूकंप झाला. पुढें पाणी सोडण्यावर निर्बंध घातल्यावर धक्क्यांचें प्रमाण पुष्कळ उतरलें.

याच्या उलट एक आनंददायक उदाहरण ओमान देशांत पाहावयास मिळतें. आपल्याकडील पुष्कळ मंडळी नोकरीनिमित्त त्या देशांत राहतात. मस्कतच्या नैऋत्येस सुमारें ७०० किलोमीटरांवर, वाळवंटांत, निमर नांवाचें तेलक्षेत्र आहे. तेथें एक पिंप तेलाबरोबर सुमारें दहा पिंपें पाणी निघतें. पूर्वीं तें मोठमोठ्या पंपांनीं खोल थरांत ढकलावें लागे, व त्यांत इंधनाचा फार मोठा खर्च होई. २०१० च्या सुमारास तेथें निराळाच मार्ग काढण्यांत आला. प्रथम पाण्यांतील बरेंचसें तेल वेगळें करून घेतात. नंतर तें पाणी चिकणमातीचा थर दिलेल्या विस्तीर्ण वाफ्यांतून हळूहळू वाहूं देतात. या वाफ्यांत बोरूच्या जातीचें उंच गवत लाविलेलें आहे. जमिनीला उतार असल्यामुळें पाणी आपोआप पुढें जातें. पंपाची गरज जवळजवळ उरत नाहीं. आरंभीं तेथें दररोज ४५,००० घनमीटर पाणी शुद्ध होई. पुढें तें प्रमाण एक लक्ष घनमीटरांच्या, म्हणजे दहा कोटि लिटरांच्या वर गेलें.

बोरू तेल खातो काय? नाहीं. खरे कामकरी म्हणजे त्याच्या मुळांवर व बुंध्यांवर वस्ती करून असलेले सूक्ष्म जंतु होत. तेल हेंच त्यांचें अन्न. पण त्यांना श्वासास प्राणवायु हवा, आणि चिखलांत तो मिळावा कसा? बोरूचें खोड पोकळ असतें. त्यांतून वरची हवा खालीं मुळांपर्यंत जाते. याप्रमाणें गवत घर देतें, हवा देतें, आणि जंतु काम करितात. वाफ्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यांत तेलाचें प्रमाण लिटरास एक मिलिग्रॅमहूनही कमी असतें. जेथें पूर्वीं वाळूखेरीज कांहीं नव्हतें, तेथें आज शंभराहून अधिक जातींचे पक्षी उतरतात. पवित्र शास्त्रांत वाऱ्यानें हलणारा बोरू हा दुबळेपणाची खूण म्हणून आला आहे, आणि याच बोरूची लेखणी करून आपल्या पूर्वजांनीं अक्षरें गिरविलीं. जें प्रचंड पंपांस जड गेलें, तें काम हें दुबळें गवत मुकाट्यानें करीत आहे.

तथापि बोरूनें सर्वच प्रश्न सुटला, असें मात्र कोणी समजूं नये. तो मीठ काढूं शकत नाहीं. म्हणून निमर येथें शुद्ध झालेलें पाणी शेवटीं उथळ तळ्यांत उन्हानें आटवितात, व मीठ मागें उरतें. अर्थात् पाण्याच्या सोबत जें जें आलें, त्या प्रत्येक वस्तूची व्यवस्था अखेरपर्यंत लावावीच लागते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यांतील कोणी पुढें रसायनशास्त्रज्ञ होतील, कोणी एंजिनियर होतील. त्यांना या क्षेत्रांत पुष्कळ काम आहे. पण आजही प्रत्येकाच्या हातीं कांहीं आहे. मोटारीचें काढलेलें जुनें तेल किंवा तळणीचें उरलेलें तेल मोरींत ओतण्याची चाल अनेक घरीं व दुकानीं दिसते. मोरींत साबणाचें पाणी असतें. साबण तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करितो, आणि असे थेंब वर येण्यास किती काळ लागतो, हें आपण आतांच पाहिलें. एका क्षणांत ओतलेलें तेल वेगळें करण्यास शहराच्या यंत्रांस कित्येक तास झटावें लागतें. जुनें तेल डब्यांत सांठवून तें परत घेणाऱ्याकडे द्यावें, एवढें पालकांनीं व मुलांनीं केलें तरी पुरे.

ही पृथ्वी आपल्या मालकीची नाहीं. देवानें ती आपल्या हवालीं केली आहे, आणि आपण तिचे कारभारी आहों. कारभाऱ्यानें धन्याच्या कोठारांतून काय काढिलें, एवढेंच विचारलें जात नाहीं. त्याबरोबर जें सांडलें त्याचें काय केलें, हेंही विचारलें जातें. तेलाचा हिशेब जग रोज ठेवीत आहे. पाण्याचाही ठेविला पाहिजे.